न्यूयॉर्क कोणी बुडवलं आणि कोणी तारलं?

१ जानेवारी २०२६ रोजी झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर झाले. आई मीरा नायर, म्हटल्यावर आपल्याकडे चर्चा होणारच होती. निवडणुकीपासून मी दोनच प्रकारच्या पोस्ट वाचतोय. पहिली : हा माणूस फुकट बस, फुकट पाळणाघरं वाटून शहराचं दिवाळं काढणार. दुसरी : हा माणूस गरिबांचं शहर गरिबांना परत देणार. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. शहराची आर्थिक तब्येत महापौराच्या हातात असते. तो चांगला तर शहर धडधाकट, तो वाईट तर शहर अंथरुणावर.

हे कितपत खरं आहे? गेल्या पन्नास वर्षांतले न्यूयॉर्कचे महापौर एकेक करून तपासू. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी एक खुलासा. न्यूयॉर्कचा महापौर आणि मुंबईचा महापौर यांच्यात पदाच्या नावापलीकडे फारसं साम्य नाही. मुंबईत १८८८ च्या कायद्यानं कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात, मान त्यांचा, सही आयुक्तांची. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत ना महापौर होता ना नगरसेवक, तरी महापालिका चालूच होती. न्यूयॉर्कचा महापौर थेट लोकांतून चार वर्षांसाठी निवडून येतो. अंदाजपत्रक तो मांडतो, पोलिस आयुक्त तो नेमतो. तरी त्याचेही हात पुरते मोकळे नाहीत. मालमत्ता कराचा दर शहराला ठरवता येतो, पण आयकर वाढवायचा तर राज्याची राजधानी ऑल्बनीची मंजुरी लागते. भुयारी रेल्वे आणि बस राज्याच्या अखत्यारीतल्या प्राधिकरणाकडे आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १९७५ कडे येऊ. न्यूयॉर्कच्या महापौरांची चर्चा याच सालापासून सुरू होते.

मी तालुक्याच्या गावात बातमीदारी करतो. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाच्या सभा किती कव्हर केल्या त्याची मोजदाद नाही. 'शिल्लकी अंदाजपत्रक' ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. जमा बाजूला घरपट्टी-पाणीपट्टीची सगळी थकबाकी वसूल होणार असं धरलेलं असतं. त्यात बंद पडलेल्या कारखान्याची असते, कोर्टात अडकलेल्या इमारतीची असते, मालक परागंदा झालेल्या वाड्याचीही असते. कागदावर पैसा आला की खर्चाला मंजुरी मिळते. मार्चअखेर वसुली होत नाही, मग ठेकेदाराची बिलं आणि पथदिव्यांचं वीजबिल पुढच्या वर्षावर ढकललं जातं. म्हणून न्यूयॉर्कचं १९७५ चं प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अगदी ओळखीचं वाटलं. आकडे अब्ज डॉलरचे, पण युक्ती आपल्याच सभागृहातली.

साठच्या दशकापासून न्यूयॉर्कनं हेच केलं होतं. येणाऱ्या कराच्या भरवशावर अल्पमुदतीची कर्जं काढायची. त्या 'येणाऱ्या' करात कधीच न येणारा करही धरायचा, इतका की शहराच्या स्वतःच्या मालकीच्या इमारतींवरचा करसुद्धा येणे म्हणून दाखवलेला होता. पगारासारखे रोजचे खर्च भांडवली खात्यात टाकायचे, म्हणजे पूल बांधायला काढलेल्या कर्जातून कारकुनांचे पगार करायचे. मुदत संपली की जुनं कर्ज फेडायला नवं काढायचं.

पण नुसती लबाडी होती असंही नाही. पायाखालची जमीनच सरकत होती. १९५० च्या सुमारास शहरात कारखान्यांतल्या जवळपास दहा लाख नोकऱ्या होत्या, सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्या निम्म्यावर आल्या. केंद्र सरकारनं हमरस्ते बांधले, घरकर्जाला हमी दिली आणि बरा पगार असलेला मध्यमवर्ग उपनगरांत गेला. गरिबांच्या आरोग्य योजनेतला मोठा वाटा राज्यानं शहराच्याच माथी मारला. १९७० मध्ये सुमारे ७९ लाख असलेली लोकसंख्या १९८० मध्ये ७१ लाखांवर आली. इतके लोक गेले, पण रस्ते, गटारं, शाळा तेवढ्याच राहिल्या.

१९७४ मध्ये महापौर झाले अब्राहम बीम. पेशानं अकाउंटंट. पैशाचं कळणारा माणूस म्हणून लोकांनी निवडून दिलं. वर्षभरात बँकांनी नवी कर्जं देणं थांबवलं. जुलै १९७५ मध्ये सुमारे पाच हजार पोलिसांना घरी पाठवावं लागलं, सफाई कामगारांनी काम बंद केलं, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. पोलिसांच्या संघटनांनी तर पर्यटकांना वाटायला पत्रक छापलं, 'भीतीच्या शहरात स्वागत', वर कवटीचं चित्र. १७ ऑक्टोबर १९७५ रोजी ४५ कोटी ३० लाख डॉलरचं देणं होतं आणि तिजोरीत होते सुमारे ३ कोटी ४० लाख. दिवाळखोरीचं निवेदन लिहून तयार होतं. शेवटच्या काही तासांत शिक्षक संघटनेनं आपल्या सभासदांच्या पेन्शन निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घ्यायला होकार दिला आणि तो दिवस टळला. म्हणजे जगाच्या आर्थिक राजधानीला त्या दिवशी मास्तरांच्या पेन्शननं वाचवलं.

त्याच महिन्याच्या अखेरीला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मदत नाकारणारं भाषण केलं. 'फोर्ड शहराला म्हणतात : मरा' अशा अर्थाचा 'डेली न्यूज'चा मथळा जगभर गाजला. फोर्ड यांच्या भाषणात ते शब्द नव्हतेच, मथळा संपादकांचा होता. आमच्या धंद्याची ताकद म्हणा किंवा पाप म्हणा. पुढे दोनच महिन्यांत फोर्ड यांनी शहराला २.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या हंगामी कर्जाला मान्यता दिली, पण लोकांच्या लक्षात मथळाच राहिला.

शहर वाचलं, पण त्याची किंमत कोणी मोजली ते बघा. भुयारी रेल्वेचं तिकीट ३५ सेंटवरून ५० सेंट झालं. १८४७ पासून फुकट शिकवणाऱ्या सिटी युनिव्हर्सिटीत १९७६ मध्ये फी आली. अग्निशमन केंद्रं, दवाखाने, वाचनालयं यांना कात्री लागली. ज्यांनी ती कर्जं काढली, ते राजकारणी आणि ज्या बँकांनी त्यावर व्याज खाल्लं, त्यांच्या मुलांना सिटी युनिव्हर्सिटीत जायचं नव्हतं.

मग दोष कोणाचा? बीम यांचा? संकट आलं तेव्हा त्यांना महापौर होऊन सुमारे दीड वर्षच झालं होतं. कर्जाचा डोंगर उभा राहिला वॅग्नर आणि लिंडसे यांच्या काळात. पण त्या दोघांच्याही काळात काही वर्षं शहराचे हिशेबनीस होते हेच बीम. म्हणजे निर्दोष तेही नाहीत. मात्र ब्रॉन्क्समधला कारखाना बंद पडला त्याला बीम जबाबदार नव्हते. १९७३ नंतरची देशव्यापी मंदीही त्यांनी आणली नव्हती. महापौराचा दोष वेगळा आणि काळाचा दोष वेगळा, आणि आपण दोन्ही एकाच पावतीवर लिहितो.

इथून पुढे हेच उलट्या-सुलट्या पद्धतीनं होत गेलं.

१९७८ मध्ये एड कॉच आले. राज्यानं नेमलेलं नियंत्रण मंडळ डोक्यावर बसलेलं होतं, कात्री आधीच लागलेली होती, आणि नोकऱ्यांची गळती नेमकी १९७७ च्या सुमारास थांबली होती. पुढे वॉल स्ट्रीटची भरभराट आली. १९८१ मध्ये ठरलेल्या मुदतीच्या आधीच ताळेबंद जुळला. 'शहराला वर काढणारे कॉच' ही प्रतिमा तिथून पक्की झाली. त्यांचं खरं काम माझ्या मते वेगळं. १९८६ मध्ये त्यांनी ओसाड पडलेल्या इमारती दुरुस्त करून घरं उभारण्याचा दहा वर्षांचा, चार अब्ज डॉलरहून मोठा कार्यक्रम जाहीर केला. त्याचं फळ पुढच्या महापौरांच्या काळात दिसलं.

पण ताळेबंदात न दिसणारं कर्जही असतं. ते गंजाच्या रूपात साठतं. डिसेंबर १९७३ मध्ये वेस्ट साइडचा उन्नत महामार्ग एका ट्रकखाली कोसळला. त्या ट्रकमध्ये काय होतं माहितीय? त्याच महामार्गाच्या डागडुजीचं डांबर. आणि एप्रिल १९८८ मध्ये, म्हणजे ताळेबंद जुळून सात वर्षं झाल्यावर, विल्यम्सबर्ग पूल इतका गंजलेला निघाला की वाहतूक बंद करावी लागली. दुरुस्ती टाळली की त्या वर्षीचं अंदाजपत्रक छान दिसतं. पूल मात्र आपला हिशेब स्वतंत्र ठेवतो.

१९९० मध्ये आले डेव्हिड डिंकिन्स, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला होता, त्यानंतरच्या मंदीत शहरानं तीन लाखांहून अधिक नोकऱ्या गमावल्या. पहिल्याच वर्षी दोन हजारांवर खून झाले. शिक्का बसला : कमकुवत महापौर. पण १९९१ मध्ये ऑल्बनीकडून जादा कराची मंजुरी मिळवून हजारो पोलिसांची भरती त्यांनीच सुरू केली. गुन्हे त्यांच्याच काळात उतरायला लागले. टाइम्स स्क्वेअरजवळचं जुनं नाट्यगृह डिस्नेनं घेण्याचा प्राथमिक करार त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत झाला. १९९३ ची निवडणूक ते थोडक्यात हरले.

रुडी जुलियानी १९९४ मध्ये खुर्चीवर बसले. भरती झालेले पोलिस मिळाले, डिस्नेचा करार मिळाला, आणि वर इंटरनेट कंपन्यांच्या तेजीची वॉल स्ट्रीट मिळाली. १९९३ मध्ये १,९०० हून अधिक खून झाले होते, २००१ मध्ये सहाशे-साडेसहाशे (११ सप्टेंबरचे बळी सोडून). हे मोठंच यश. त्यात त्यांच्या पोलिसी कारभाराचा वाटा आहेच. पण त्याच दशकात गुन्हे अमेरिकाभर घटले, जिथे जुलियानी नव्हते तिथेही. आणि जाताना त्यांनी काय ठेवलं? दहशतवादी हल्ल्याचा घाव तर होताच, पण तेजी ओसरल्यावर उघडी पडलेली अब्जावधींची तूटही होती. तेजीच्या वर्षांत खर्च आणि करसवलती दोन्ही वाढवल्या की असंच होतं.

ही तूट निस्तरली मायकल ब्लूमबर्ग यांनी. २००२ च्या अखेरीस त्यांनी मालमत्ता कर एका झटक्यात १८.५ टक्के वाढवला. लोक भयंकर चिडले, तरी २००५ मध्ये ते सहज निवडून आले. बरे दिवस आल्यावर निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यखर्चासाठी त्यांनी वेगळा निधी काढून ठेवला, २००८ नंतरच्या वाईट दिवसांत त्यातूनच उसनवारी केली. माझ्या वाचनातल्या महापौरांपैकी साठवण्याचं शहाणपण यांच्याकडे दिसतं. पण त्यांचीही दुसरी बाजू आहे. २०१३ च्या शेवटी त्यांनी खुर्ची सोडली तेव्हा जवळपास सगळ्या कामगार संघटनांचे वेतनकरार संपलेले होते आणि नवे केलेले नव्हते. ताळेबंद जुळलेला दिसत होता, कारण पगारवाढच बाकी होती. निवाऱ्यांत राहणाऱ्या बेघरांची संख्या त्यांच्या काळात सुमारे ३१ हजारांवरून ५० हजारांच्या वर गेली.

पगारवाढीचं बिल बिल डी ब्लासिओ यांनी भरलं. २०१४ मध्ये शिक्षकांशी करार झाला, त्यातली मागची थकबाकी २०२० पर्यंत हप्त्यानं द्यायची होती. म्हणजे त्यांनीही बिलाचा काही भाग पुढे ढकललाच. चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाच्या फुकट शाळा त्यांनी दोन वर्षांत २० हजार जागांवरून तिपटीच्या वर नेल्या. कामाला जाणाऱ्या आयांसाठी ही मोठीच गोष्ट. २०१९ पर्यंत नोकऱ्यांचे विक्रम होत होते. २०२० मध्ये करोना आला आणि दोन महिन्यांत नऊ लाखांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. त्याआधीच्या विक्रमाचं श्रेय डी ब्लासिओंचं म्हणायचं, तर मग या नऊ लाखांचं काय करायचं? केंद्राकडून आलेल्या करोना मदतीच्या तात्पुरत्या पैशावर कायम चालणाऱ्या योजना मात्र सुरू झाल्या. त्यांचं पुढे काय, हा प्रश्न वारशात एरिक ॲडम्स यांना मिळाला.

ॲडम्स यांच्या काळात, २०२३ मध्ये, नोकऱ्या करोनापूर्व पातळीवर आल्या. त्यांनी ते ठळक अक्षरांत सांगितलं. त्यांनी हे सांगितलं नाही की वाढीतला मोठा हिस्सा घरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या कमी पगाराच्या कामांचा होता. दोन लाखांवर स्थलांतरित आले, त्यांच्या निवाऱ्याचा खर्च शहरावर पडला. त्याच वर्षीच्या पाहणीत भाड्यानं मिळू शकणारी रिकामी घरं होती फक्त १.४ टक्के. १९६८ नंतर सगळ्यात कमी. म्हणजे नोकरी आहे, पण तिच्या पगारात राहायला घर नाही. अशा शहराची तब्येत चांगली म्हणायची का?

एवढं सगळं वाचल्यावर मला जे कळलं ते असं.

शहरातल्या नोकऱ्या, शेअर बाजार, इमारतींची उंची यावरून महापौर मोजता येत नाही. न्यूयॉर्कच्या खासगी नोकऱ्यांपैकी जेमतेम पाच टक्के वॉल स्ट्रीटवर आहेत, पण खासगी पगाराचा सुमारे पाचवा हिस्सा तिथे जातो. ती चालली की कोणताही महापौर हुशार दिसतो. ती पडली की कोणताही नालायक ठरतो. त्यात लावलेलं झाड एकाचं आणि आंबे खाणारा दुसरा.

महापौर मोजायचा तर त्याच्या हातात जे होतं त्यावर मोजा. मी तीन प्रश्न विचारतो. एक, बऱ्या दिवसांत त्यानं काही साठवलं का, की तेजीला कायमची समजून खर्च लावून घेतला? दोन, पूल, पाणी, रेल्वे, शाळा यांची दुरुस्ती केली का, की पुढच्यावर सोडली? तीन, जाताना पुढच्याच्या हातात किती बिलं ठेवली, आणि ती बिलं शेवटी कोणी भरली? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण १९७५ चं बिल ज्यांनी भरलं त्यांनी ते कर्ज मागितलेलं नव्हतं.

आता ममदानी. त्यांना याच तीन प्रश्नांवर बघा. भाडेवाढ गोठवणं बऱ्यापैकी त्यांच्या हातात आहे, कारण नियंत्रित घरांचं भाडं ठरवणाऱ्या मंडळावर नेमणुका महापौर करतो. हे जगावेगळं नाही. डी ब्लासिओंच्या काळात त्या मंडळानं एक वर्षाच्या करारांवरची वाढ तीनदा शून्य ठेवली होती, शहर बुडालं नाही. पण भाडं गोठलं आणि त्या जुन्या इमारतींची दुरुस्तीही गोठली, तर तो दुसऱ्या प्रश्नात नापास. बस फुकट करायची तर ती बस राज्याच्या प्राधिकरणाची आहे. श्रीमंतांवर आयकर वाढवायचा तर ऑल्बनीला जावं लागणार. तेव्हा ती गोष्ट झाली तर सगळं श्रेय त्यांचं नाही, आणि नाही झाली तर सगळा दोषही त्यांचा नाही. पाळणाघरांसाठी दरवर्षी पैसा कुठून येणार, हा प्रश्न मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून विचारायला हवा. एकदाच मिळालेल्या रकमेवर दरवर्षीचा खर्च उभा केला तर बीम यांच्या खात्यात आणखी एक नाव लागेल, मग हेतू कितीही चांगला असो.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, काही छोट्या राज्यांपेक्षा मोठं. जुलै २०१७ मध्ये जकात गेली, भरपाई राज्याकडून येते, म्हणजे सर्वांत मोठ्या उत्पन्नाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आणि आपल्या छोट्या गावांत नगराध्यक्ष आता थेट निवडून येतो. प्रचारात तो चौकातला पुतळा, कारंजं आणि सिमेंटचा रस्ता दाखवतो. पाण्याची जलवाहिनी किती जुनी आहे हे कोणी दाखवत नाही, कारण ती जमिनीखाली असते.

पुढच्या वेळी 'शिल्लकी अंदाजपत्रक' ही बातमी वाचाल, कदाचित मीच लिहिलेली असेल, तेव्हा एक काम करा. नगरपरिषदेत जाऊन थकबाकीची यादी मागा, त्यातली किती वर्षं जुनी आहे ते बघा, आणि ठेकेदारांची व विजेची किती बिलं पुढच्या वर्षावर गेलीत ते विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. उत्तर आलं की इथे टाका, मी बातमी करतो.